स्वतंत्र ॲप विकासकांसाठी जीएसटी: पहिल्या विक्रीपासून पहिल्या विवरणपत्रापर्यंत

मोबाइल ॲप गूगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरवर ठेवले की पहिल्या दिवसापासून ते नाशिकलाही विकले जाते आणि न्यू जर्सीलाही. मात्र दोन्ही विक्रींवर लागू होणारे कायदे वेगळे असतात आणि कर सरकारजमा करण्याची जबाबदारीही वेगवेगळ्यांची असते. नवोदित विकासकांची गडबड बहुतेक वेळा इथेच होते. महिनाअखेरीस बँक खात्यात एकच रक्कम जमा होते आणि तीच आपली विक्री, असे गृहीत धरून पुढचे सगळे हिशेब केले जातात. म्हणून दर, अर्ज आणि तारखा यांच्याकडे वळण्यापूर्वी प्रत्येक रकमेला दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने ही सेवा कोणाला पुरवली गेली आणि तो घेणारा कुठे आहे, हा पहिला प्रश्न. त्या विक्रीवरचा कर भरायचा कोणी, स्टोअरने की आपण, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती असली की बाकीचे काम कटकटीचे असले तरी अवघड राहत नाही.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुण्यात घरून काम करणाऱ्या एका विकासकाने मोडी लिपी शिकवणारे ॲप तयार केले आहे आणि त्याची किंमत १९९ रुपये ठेवली आहे. त्याचे ग्राहक नाशिकला आहेत, पणजीला आहेत आणि अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतही आहेत. ॲपच्या मोफत आवृत्तीत जाहिराती दिसतात, त्यांचेही थोडे पैसे मिळतात.

आधी उत्पन्नाची विभागणी करा

स्टोअरचा मासिक अहवाल उतरवून घ्या आणि त्यातील विक्री देशानुसार वेगळी करा.

परदेशातील ग्राहकांना स्टोअरमार्फत झालेल्या विक्रीवर त्या त्या देशाचा कर बहुतेक ठिकाणी स्टोअरच आकारते आणि भरते. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून असा नियम आहे की ॲप स्टोअरसारख्या मंचावरून डिजिटल सेवा विकली गेली, तर तो मंच स्वतःच विक्रेता आहे असे मानले जाते, त्यामुळे तिथला मूल्यवर्धित कर त्याच्याकडूनच वसूल होतो. अमेरिकेत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर प्रकरणात निकाल दिल्यानंतर, राज्यात दुकान किंवा कार्यालय नसलेल्या विक्रेत्यावरही विक्रीकर लावण्याचा राज्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यापाठोपाठ ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीनेच कर गोळा करावा असे कायदे झाले. विक्रीकर असलेल्या राज्यांपैकी मिझुरी हे शेवटचे राज्य होते आणि तिथेही २०२३ पासून हा नियम आहे. त्यामुळे न्यू जर्सीच्या ग्राहकासाठी पुण्याच्या विकासकाने तिथे जाऊन नोंदणी करण्याची गरज पडत नाही.

भारतातील ग्राहकाला झालेल्या विक्रीची गोष्ट वेगळी आहे आणि नवोदितांनी सर्वात जास्त लक्ष इथेच द्यायला हवे. काही सेवांचा कर प्रत्यक्ष सेवा देणाऱ्याऐवजी ऑनलाइन मंचाने भरावा अशी तरतूद केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मध्ये आहे. टॅक्सी, हॉटेलमधील निवास, घरगुती दुरुस्तीची कामे आणि रेस्टॉरंटचे जेवण अशा सेवा त्या यादीत आहेत, पण मोबाइल ॲप त्यात नाही. त्यामुळे विकासकही भारतात आणि ग्राहकही भारतात अशा विक्रीवर, नोंदणीची मर्यादा ओलांडल्यानंतर, १८ टक्के जीएसटी भरण्याची जबाबदारी विकासकाचीच असते. स्टोअरने परदेशात कर भरला, म्हणजे इथेही तेच भरत असतील, हा समज महागात पडतो. स्टोअरशी केलेल्या करारातील करविषयक भाग कंटाळवाणा असला तरी एकदा शांतपणे वाचून काढावा आणि भारतातील विक्रीत विक्रेता म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे.

जाहिरातींचे उत्पन्न हा तिसरा प्रकार. तिथे तुमचा ग्राहक ॲप वापरणारा माणूस नसून जाहिरात पुरवणारी कंपनी असते. ती कंपनी परदेशातील असेल तर ही सेवेची निर्यात ठरू शकते आणि भारतातील असेल तर साधी देशांतर्गत सेवा ठरते. पैसे कोणत्या कंपनीकडून येतात हे देयकाच्या पावतीवर लिहिलेले असते. कंपनीच्या प्रसिद्ध नावावरून अंदाज बांधू नये, कारण एकाच समूहाच्या भारतीय आणि परदेशी कंपन्या वेगवेगळ्या असतात.

चौथा प्रकार आहे स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विक्रीचा. भारतातील ग्राहकांपुरता तो सोपा आहे, पण युरोपातील ग्राहकाला थेट विकायचे ठरवले तर परदेशी विक्रेत्याला तिथे कोणतीही किमान सूट मिळत नाही आणि पहिल्या विक्रीपासून तिथला कर लागू होतो. ब्रिटनमध्येही तसेच आहे. म्हणून सुरुवातीची काही वर्षे परदेशातील विक्री स्टोअरमार्फत किंवा कायदेशीर विक्रेता म्हणून स्वतः उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ सेवेमार्फतच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेल्या कमिशनपेक्षा तिथल्या नोंदणीचा आणि विवरणपत्रांचा खर्च सहज जास्त होतो.

नोंदणी कधी करायची

महाराष्ट्र आणि गोव्यात सेवा पुरवणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा एका आर्थिक वर्षात २० लाख रुपयांच्या एकूण उलाढालीची आहे. मालासाठीची ४० लाखांची मर्यादा ॲपला लागू होत नाही, कारण डाउनलोड करून दिलेले सॉफ्टवेअर आणि वर्गणी या सेवा धरल्या जातात.

कायद्याचे कलम २४ वाचले की अनेक जण घाबरतात, कारण राज्याबाहेर विक्री करणाऱ्याला आणि ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे असे तिथे दिसते. परंतु सेवा पुरवठादारांना यातून दोन अधिसूचनांनी सूट दिलेली आहे. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने आंतरराज्य सेवांना आणि १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने ऑनलाइन मंचावरून दिलेल्या सेवांना २० लाखांपर्यंत मोकळीक मिळाली. त्यामुळे पणजीच्या एका ग्राहकाने ॲप घेतले म्हणून दुसऱ्याच दिवशी नोंदणीसाठी धावण्याचे कारण नाही.

मात्र एकूण उलाढाल म्हणजे काय, हे बारकाईने समजून घ्यायला हवे. ती एका पॅनवर संपूर्ण देशाची मिळून मोजली जाते. निर्यातीवर कर लागत नसला तरी निर्यातीची रक्कम उलाढालीत येते. राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे करमुक्त भाडेही येते. याच पॅनवर तुम्ही फ्रीलान्स कामे करत असाल तर तीही येतात, नोकरीचा पगार मात्र येत नाही. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ग्राहकाला विक्रेते तुम्ही असाल तेव्हा ग्राहकाने मोजलेली किंमत ही उलाढाल असते, कमिशन कापून हाती आलेली रक्कम नव्हे. स्टोअर १५ टक्के कमिशन घेत असेल आणि बँकेत १७ लाख ५० हजार जमा झाले असतील, तर प्रत्यक्ष विक्री २० लाख ५८ हजारांच्या पुढे गेलेली असते. बँकेच्या पासबुकावर विसंबून मर्यादा पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. दर महिन्याला उलाढालीची बेरीज लिहीत राहावे आणि १५ लाखांच्या आसपास पोहोचल्यावर तयारी सुरू करावी.

मर्यादेखाली असताना स्वेच्छेने नोंदणी करावी का, याचे उत्तर तुमच्या ग्राहकांवर अवलंबून आहे. बहुतेक ग्राहक भारतातले सर्वसामान्य लोक असतील तर घाई करू नये, कारण नोंदणी होताच प्रत्येक विक्रीतून कर द्यावा लागतो आणि ग्राहकाला त्याची वजावट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या देय करातून वळता करण्याची सोय, मिळत नाही. बहुतेक उत्पन्न परदेशातून येत असेल तर लवकर नोंदणी फायद्याची ठरू शकते, कारण निर्यातीवर कर न भरता खर्चावर दिलेल्या कराचा परतावा मागता येतो. छोट्या व्यावसायिकांसाठीची, उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याची कंपोझिशन योजना कोणी सुचवली तर तिच्या मागे लागू नये. आंतरराज्य सेवा देणाऱ्याला आणि कर गोळा करणे बंधनकारक असलेल्या ऑनलाइन मंचावरून सेवा विकणाऱ्याला ती मिळत नाही.

नोंदणीची प्रक्रिया

अर्ज जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर होतो आणि त्याला शुल्क नाही. आधी पॅन, मोबाइल आणि ईमेल देऊन तात्पुरता क्रमांक मिळवायचा, मग मुख्य अर्ज भरायचा. पॅन, आधार, छायाचित्र आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो. घरून काम करणाऱ्यांचे वीजबिल बहुधा आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असते. अशा वेळी ताजे वीजबिल आणि त्यासोबत मालकाचे सहीचे संमतीपत्र जोडावे. घर भाड्याचे असेल तर भाडेकरार जोडावा. वीजबिलावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः जुळायला हवा. फ्लॅटचा क्रमांक किंवा सोसायटीचे नाव वेगळे लिहिले तरी शंका काढणारी नोटीस येते आणि तिला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते.

सेवेचे संकेतांकही विचारले जातात. सॉफ्टवेअर डाउनलोडसाठी ९९८४३४, इंटरनेटवरील जाहिरातीच्या जागेसाठी ९९८३६५ आणि दुसऱ्यासाठी सॉफ्टवेअर तयार करून देत असाल तर ९९८३१४ हे संकेतांक आहेत. नोंदणी मिळाली की पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो. त्यानंतर ३० दिवसांच्या आत, किंवा पहिले जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारे विवरणपत्र) भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर बँक खात्याचा तपशील पोर्टलवर द्यावा लागतो. हे राहून गेले तर नोंदणी निलंबित होऊ शकते.

महाराष्ट्रात आणखी एक काम असते आणि ते हमखास विसरले जाते. जीएसटी नोंदणी झालेल्या व्यक्तीला राज्याच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याखाली नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. त्याची मुदत ३० जून असते. रक्कम छोटी असली तरी काही वर्षांची थकबाकी व्याजासह एकदम समोर येते, तेव्हा ती छोटी वाटत नाही.

क्रमांक मिळाल्यावर तो स्टोअरच्या खात्यात, जाहिरात कंपनीच्या खात्यात आणि तुम्ही वापरत असलेल्या प्रत्येक क्लाउड सेवेच्या खात्यात लगेच नोंदवा. त्याचे कारण पुढे येईलच.

१९९ रुपयांचे काय होते

भारतीय ग्राहकाला स्टोअरवर दिसणारी किंमत करासहित असते. त्यामुळे १९९ रुपयांतली मूळ किंमत १६८ रुपये ६४ पैसे आणि कर ३० रुपये ३६ पैसे ठरतो. नोंदणीपूर्वी हे सगळे पैसे तुमच्या विक्रीचे होते, पण नोंदणीनंतर किंमत तशीच ठेवली तर प्रत्येक विक्रीमागे तीस रुपये तुमचे राहत नाहीत. किंमत वाढवायची की नफा कमी करून घ्यायचा, हा निर्णय नोंदणीच्या आधीच घ्यावा. वार्षिक वर्गणी असलेल्या ॲपमध्ये तर तो आणखी आधी घ्यावा, कारण जुन्या वर्गणीदारांची किंमत बदलताना त्यांना सूचना द्यावी लागते आणि काही जण तेव्हा वर्गणी बंद करतात.

ग्राहक नाशिकचा असेल तर हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात ९-९ टक्के विभागला जातो. ग्राहक पणजीचा असेल तर संपूर्ण १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित जीएसटी, लागतो. यासाठी ग्राहकाचे राज्य माहीत असणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२४ अखेरच्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले आहे की नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा देताना रक्कम कितीही लहान असली तरी बिलावर त्याच्या राज्याचे नाव हवे. स्टोअरच्या अहवालात राज्याचा रकाना असतो का ते पाहून ठेवा आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून विकत असाल तर पैसे घेण्यापूर्वीच राज्य विचारा. २०० रुपयांपेक्षा कमी रकमेच्या विक्रीसाठी, ग्राहकाने बिल मागितले नसेल तर, प्रत्येक विक्रीचे वेगळे बिल न करता दिवसाअखेर एकत्रित बिल करण्याची मुभा आहे. ते राज्यवार करावे, म्हणजे विवरणपत्र भरताना पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.

नोंदणीकृत विकासकाच्या करपात्र विक्रीवर ऑनलाइन मंच ०.५ टक्का कर स्रोतावरच गोळा करतो. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता. समजा एका महिन्यात भारतात १,००० विक्री झाल्या. करासहित रक्कम १,९९,००० रुपये, करपात्र मूल्य सुमारे १,६८,६४४ रुपये, कर सुमारे ३०,३५६ रुपये आणि मंचाने गोळा केलेली रक्कम सुमारे ८४३ रुपये. हे ८४३ रुपये बुडत नाहीत. पोर्टलवर मंचाकडून आलेल्या रकमेचा तपशील तपासून मान्य केला की ते तुमच्या रोख खातेवहीत जमा होतात आणि पुढचा कर भरताना वापरता येतात. याच विक्रीवर आयकरापोटीही ०.१ टक्का कापला जाऊ शकतो. तो वेगळ्या कायद्याखालचा असून त्याची वजावट आयकर विवरणपत्रातच मिळते. अहवालात दोन्ही कपाती शेजारी शेजारी दिसतात, म्हणून त्यांची सरमिसळ टाळावी.

परदेशातील उत्पन्न आणि हमीपत्र

सेवेची निर्यात ठरण्यासाठी पुरवठादार भारतात, सेवा घेणारा भारताबाहेर, सेवेचे ठिकाण भारताबाहेर आणि मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. शिवाय घेणारा म्हणजे तुमचीच परदेशातली शाखा असता कामा नये. विकासकांची अडचण बहुधा चलनाच्या अटीत होते, कारण खात्यात रक्कम रुपयांतच दिसते. ती परदेशातून आल्याचा दाखला बँकेकडून प्रत्येक जमेसाठी मागून घ्यावा. त्या वेळी मागितला तर तो सहज मिळतो, दोन वर्षांनी शाखेत जाऊन मागितला तर बराच त्रास होतो. पैसे एखाद्या भारतीय कंपनीमार्फत रुपयांत येत असतील तर ती निर्यात ठरते की नाही हे सीएकडून लेखी स्वरूपात तपासून घ्यावे.

निर्यातीवर कर न भरण्यासाठी आरएफडी-११ या अर्जात हमीपत्र द्यावे लागते. त्याला सगळे एलयूटी म्हणतात. ते एका आर्थिक वर्षापुरतेच असते, म्हणून १ एप्रिलपूर्वी नव्या वर्षाचे भरून ठेवावे. बिलाच्या तारखेपासून एका वर्षात पैसे आले नाहीत तर त्या रकमेवर व्याजासह कर भरावा लागतो, परंतु स्टोअर दरमहा पैसे देत असल्याने ॲपच्या बाबतीत ही वेळ क्वचितच येते.

हमीपत्रावर निर्यात करणाऱ्याला खर्चावर दिलेल्या कराचा परतावा आरएफडी-०१ अर्जाने दोन वर्षांच्या आत मागता येतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा: क्लाउड, डिझाइन, लेखापाल यांच्या बिलांवरच्या कराचा परतावा मिळतो, पण भांडवली वस्तू म्हणून दाखवलेल्या लॅपटॉपवरील कराचा या मार्गाने मिळत नाही. तो भारतातील विक्रीचा कर भरण्यासाठी वापरता येतो, आणि म्हणूनच दोन्हीकडे विक्री असलेल्या विकासकाला त्याचा उपयोग होतो.

परदेशी सेवांवरचा रिव्हर्स चार्ज

तुमची नोंदणी नसते तोवर परदेशी क्लाउड किंवा ऑनलाइन साधनांची कंपनी तुमच्याकडून १८ टक्के कर घेऊन तो स्वतः भरते. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या प्रत्येक भारतीय ग्राहकाला हा नियम लागू आहे. नोंदणी झाल्यावर तुम्ही जीएसटी क्रमांक दिला की ती कंपनी कर आकारणे थांबवते आणि तो कर तुम्हाला भरावा लागतो. विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याच्या या पद्धतीलाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. क्रमांक दिलाच नाही तर कर तर जातोच, पण त्याची वजावटही मिळत नाही. स्टोअरचे कमिशन बिल परदेशी कंपनीच्या नावाने येत असेल तर त्यावरही हाच विचार करावा लागतो, आणि बिल भारतीय कंपनीचे असेल तर त्यावर नेहमीप्रमाणे जीएसटी लावलेला असतो. रिव्हर्स चार्जचा कर रोखीनेच भरावा लागतो, जमा असलेल्या वजावटीतून तो फेडता येत नाही. भरल्यानंतर मात्र त्याची वजावट घेता येते.

विवरणपत्रे

दरमहा भरणाऱ्यांसाठी विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत असते. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही पर्याय घेता येतो. त्यात जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेपर्यंत आणि महाराष्ट्र व गोव्यात ३बी २२ तारखेपर्यंत भरायचे, पण पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. एकट्याने काम करणाऱ्याला तिमाही पर्यायच सोयीचा पडतो. जीएसटीआर-१ मध्ये भारतातील किरकोळ विक्री राज्यवार, निर्यात तिच्या वेगळ्या तक्त्यात आणि ऑनलाइन मंचामार्फत झालेली विक्री तक्ता १४ मध्ये दाखवायची असते. मंचाने कळवलेला आकडा आणि तुमचा आकडा पोर्टलवर शेजारी ठेवून तपासला जातो, म्हणून कमिशन वजा न करता पूर्ण विक्रीच दाखवावी.

एखाद्या महिन्यात किंवा तिमाहीत काहीच विक्री झाली नाही तरी शून्य विवरणपत्र भरावेच लागते. उशीर झाला तर शून्य विवरणपत्राला दिवसाला २० रुपये आणि इतरांना ५० रुपये विलंब शुल्क लागते. कर थकला तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळे. ॲप बंद पडले आणि विक्री थांबली, तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा. ती तशीच सोडून दिली तर शुल्क वाढत राहते.

स्टोअरचे मासिक अहवाल, कमिशनची बिले, बँकेचे दाखले आणि हमीपत्राची प्रत महिन्यावार एकत्र ठेवावीत. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ही कागदपत्रे जपण्याचे कायदेशीर बंधन आहे. स्टोअरच्या खात्यातून जुने अहवाल कायम मिळत राहतील असे गृहीत धरू नये, दर महिन्याला ते उतरवून स्वतःकडे ठेवावेत.